कवितेला तालीम का नको?

शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवावी की नाही, हा वाद आपल्या गोव्यात अधूनमधून डोके वर काढतो. कुठल्याशा संमेलनात परिसंवाद ठेवलेला असतो, कुठे बालकविसंमेलन भरते, नव्या शैक्षणिक धोरणावर बोलताना कोणीतरी 'सर्जनशील लेखन' हे दोन शब्द उच्चारतो, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दोन फळ्या उभ्या राहतात. पहिली म्हणते, कवी जन्मावा लागतो. शिकवून कविता येत असती तर डी.एड. झालेला प्रत्येक मास्तर बाकीबाब बोरकर झाला असता. दुसरी म्हणते, कवितेने आत्मविश्वास वाढतो, ताण हलका होतो, भाषेची गोडी लागते, व्यक्तिमत्त्व फुलते. पहिलीला ज्येष्ठ साहित्यिकांच्या टाळ्या मिळतात, दुसरीला अधिकाऱ्यांच्या. मग चहा होतो आणि सगळे घरी जातात. कविता लिहायला शिकवायची म्हणजे एका तासिकेत फळ्यापुढे उभे राहून नेमके काय करायचे, हे मात्र दोन्ही बाजूंपैकी कोणी सांगत नाही. ते सांगितल्याशिवाय हा वाद म्हणजे नुसती हवेत तलवारबाजी.

माझे मत आधीच सांगून टाकते. कविता लिहायला शाळेत शिकवली पाहिजे. शनिवारच्या छंदवर्गात निवडक हुशार मुलांना नव्हे, वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना. यातून कवी निपजतील अशी माझी अपेक्षा नाही, आणि निपजले नाहीत तर मला वाईटही वाटणार नाही. माझे कारण वेगळे आहे. कविता आजही शिकवली जातेच आहे, पण ती काही थोड्या घरांत. ज्या घरात आजोबा पहाटे अभंग म्हणतात, कपाटात दिवाळी अंकांची चळत असते, मंगळाष्टकांची चाल चुकली तर काकू चहाचा कप खाली ठेवून ती दुरुस्त करते, त्या घरातल्या मुलाच्या कानात आठव्या वर्षापर्यंत तीन-चार छंद मुरलेले असतात. त्याने वहीच्या मागच्या पानावर चार ओळी जुळवल्या की आपण म्हणतो, पोराला उपजत अंग आहे. उपजत कसले? आठ वर्षे फुकट शिकवणी झाली आहे त्याची. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या मुलीच्या घरीही धालोतल्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्यातल्या, ओव्या असतात, आईला फुगडीची गाणी तोंडपाठ असतात. पण त्यांना शाळेत कविता म्हणतात हे तिला कोणी कधी सांगितलेले नसते. म्हणून तिच्यात 'अंग' नाही असे ठरते. कवी जन्मावा लागतो हे वाक्य व्यवहारात उतरते ते असे.

आणि कला जन्मावर ठरवली की काय होते, हे आम्हां गोवेकरांना दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नाही. पिढ्यानपिढ्या आमच्याकडे गाणे हे एका समाजाच्या बायकांचे काम होते. देवळाच्या सेवेत ज्यांचा जन्म झाला त्यांनी गावे, इतरांनी ऐकावे, आणि 'चांगल्या' घरच्या मुलीने तर गुणगुणूही नये. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर त्या समाजातून आल्या. पण त्यांचे मोठेपण कोणी जन्माच्या खात्यावर मांडत नाही. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गुरूंकडे दोघींनी वर्षानुवर्षे केलेली तालीम, एकेका स्वरावर घासून घेतलेला गळा, याच्याच कथा आपण सांगतो. गाण्याच्या बाबतीत आपल्याला हे चांगले कळते. आज कोणाचीही मुलगी तानपुरा घेऊन बसते, गावोगावी पेटी-तबल्याचे वर्ग चालतात, कला अकादमी भजनाच्या स्पर्धा घेते. तिथे कोणी उठून म्हणत नाही की गायक जन्मावा लागतो, वर्ग बंद करा. मग कवितेपाशी येताच आपण एकाएकी अध्यात्मिक का होतो?

याहून जवळचा दाखला आमच्या चर्चच्या शाळांचा आहे. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून पॅरिश शाळा असायच्या आणि तिथे मुलांना संगीत शिकवले जायचे: स्वरलेखन वाचणे, सुरात गाणे, बऱ्याचदा व्हायोलिनही. शिकवणारा मेस्त्री काही महान संगीतकार नसे. रविवारच्या मिस्साला समूहगान नीट व्हावे इतकाच त्या शिकवण्याचा हेतू. मुले चोप खात, कंटाळत, स्वर घोकत. पण अशा शिक्षणाची प्रथा एखाद्या भूभागात शतकानुशतके टिकली की काय होते? विसाव्या शतकात मुंबईत बोलपट बोलू लागला आणि तिथल्या वाद्यवृंदांना स्वरलिपी वाचणारी माणसे हवी झाली, तेव्हा ती गोव्यातून गेली. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. हिंदी चित्रपटसंगीताची अर्धी बांधणी या माणसांच्या हातून झाली असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. पॅरिश शाळेने प्रतिभा वाटली का? नाही. तिने फक्त गावातल्या पोरांना अक्षरओळख करून दिली, आणि ज्याच्यात काही होते त्याच्या हाती ते बाहेर काढायचे साधन पडले. त्या शाळा बहुतेक ख्रिस्ती मुलांपुरत्या होत्या, त्यांचा हेतू धार्मिक होता, हे खरे. त्यामुळे शिकवण्याच्या पद्धतीतला मुद्दा बदलत नाही.

बोरकरांचेच घ्या, कारण पहिली फळी त्यांच्याच नावाने आपल्याला गप्प करते. बोरीच्या घरात लहानपणापासून संतकवितेचे संस्कार, पुढे भास्करराव तांबे यांच्या कवितेचे झपाटलेपण, आणि मग १९३० साली, विशीत, पहिला संग्रह. ही काय आकाशातून पडलेली वीज आहे? बाकीबाबांनी वर्षानुवर्षे गोव्यातल्या शाळांतून मास्तरकीही केली. त्यांची प्रतिभा मी नाकारत नाही, कोण नाकारील? पण त्या प्रतिभेच्या खाली छंदाची जी पक्की जमीन आहे, ती त्यांना कोणीतरी दिलेली होती. ती न मिळता बोरकर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला हवा, कारण तसे न झालेले बोरकर कोणत्या गावात किती होते याची नोंद कुठल्याच वाङ्मयेतिहासात नाही.

त्याहून जुना आणि मला तर फार गमतीचा वाटणारा दाखला थॉमस स्टीफन्सचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. मराठीचा गंध नाही, ओवी म्हणजे काय माहीत नाही. सासष्टी तालुक्यात राहून तो भाषा शिकला, इथल्या लोकांकडून पुराणांची चाल शिकला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे ११,००० ओव्या! ज्ञानेश्वरीचा कित्ता गिरवत, तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा सोडत, बायबलची कथा त्याने मराठी माणसाला म्हणता येईल अशा घाटात ओतली. त्याच्या मागून आलेल्या एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्यानेही पीटर संताचे पुराण मराठी ओव्यांतच रचले. एक इंग्रज, एक फ्रेंच. मराठी कविता ज्याच्या रक्तात असेल त्यालाच येते म्हणणाऱ्यांनी या दोघांचे काय करायचे ते सांगावे. धर्मप्रसाराचा त्यांचा उद्योग कोणाला पटो न पटो, ओवी शिकता येते एवढे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे, आणि तेही परक्याला, वयाची तिशी गाठल्यावर.

आता दुसरी बाजू. माझ्या म्हणण्यावर सर्वांत पहिल्यांदा कोणते नाव पुढे येईल हे मला ठाऊक आहे: बहिणाबाई चौधरी. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, आणि तिच्या ओळी आज आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. बिनतोड आहे हे. पण बहिणाबाई निरक्षर होत्या, अशिक्षित नव्हत्या. जात्यावरच्या ओवीची शाळा त्यांनी पहाटेपहाटे पूर्ण केली होती. अक्षरांचा हिशेब, शब्द मोडून बसवणे, एका ओळीतून दुसरी काढणे, हे त्या शाळेचे विषय, आणि आयाबाया तिथल्या शिक्षिका. आज गोव्यात किंवा खानदेशात कोणत्या घरात जाते फिरते? ती शाळा गिरणीने बंद पाडली. ज्या लोकपरंपरेचे गोडवे गाऊन आपण शाळेतली कविता नाकारतो, ती परंपरा म्हणजेच एक शिक्षणव्यवस्था होती आणि ती मोडली आहे, एवढे मान्य करायला काय हरकत आहे? वारकऱ्यांकडे पाहा. नामदेवांच्या घरात जनाबाई. चोखोबांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा. इतक्या प्रतिभा एकाच उंबऱ्याच्या आत निव्वळ योगायोगाने जन्मल्या का? रोज कानी पडणारा अभंग, कीर्तनात लगेच मिळणारा श्रोता आणि 'तूही म्हण' असा आग्रह, यांतून ते घडले. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव येतात तेव्हा ते नुसती प्रेरणा देऊन अंतर्धान पावत नाहीत. 'सांगितले काम करावे कवित्व' असे तुकोबाच सांगतात. नामदेव काम नेमून देतात, आणि संख्याही सांगतात. गृहपाठच म्हणायचा तो.

परीक्षेचा आक्षेप मात्र मला मनापासून छळतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. आपल्याकडे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत जे शिरते त्याचा जीव जातो. निबंधाचे काय झाले ते आपण पाहिले. 'माझा आवडता ऋतू' लिहिताना मुलगा आपल्या खिडकीतून बाहेर पाहत नाही, गाइडमध्ये पाहतो. उद्या 'पुढील विषयावर आठ ओळींची कविता लिहा, गुण चार' असा प्रश्न आला, तर परवा बाजारात शंभर तयार कवितांचे पुस्तक येईल आणि त्यात पाऊस, आई, झाड, शेतकरी आणि सैनिक यांच्यावर प्रत्येकी वीस असतील. आजी-माजी-राजी अशी यमके मुले पाठ करतील. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, याहून न शिकवलेले बरे. आणि अशा शिकवण्यापुरते ते बरोबर आहेत. पण म्हणून काय सोडायचे, कविता की परीक्षा? मी म्हणते कवितेला गुण देऊच नका. अंतर्गत मूल्यमापनात काही नोंदवायचेच असेल तर खर्डे नोंदवा. वहीत एका कवितेचे तीन खर्डे आहेत का, दुसऱ्यात पहिल्यापेक्षा काय खोडले आणि का खोडले, हे मुलाला तोंडी सांगता येते का. कविता चांगली झाली की वाईट, याचा त्या खुणेशी संबंध नसावा.

दुसऱ्या फळीवरचा माझा राग इथूनच सुरू होतो. आत्मविश्वास, ताणमुक्ती, व्यक्तिमत्त्व विकास हे शब्द घेऊन जे वर्ग चालतात तिथे कविता शिकवलीच जात नाही. 'मनात येईल ते लिहा, चुकीचे काही नसते' असे सांगतात, मुले मनात येईल ते लिहितात, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळते, प्रमुख पाहुण्यांसोबत फोटो निघतो. मनात येईल ते लिहायला शिक्षक कशाला हवा? आणि बाराव्या वर्षी शाल-श्रीफळ मिळालेल्या मुलाला तेराव्या वर्षी 'ही ओळ काढून टाक' म्हणण्याची हिंमत कोण करील? पालकांनी पदरमोड करून छापलेले बालकवींचे संग्रह माझ्याकडे अभिप्रायाला येतात. त्यांतल्या काही मुलांना कान आहे. त्यांना कोणीतरी थांबवून शिकवायला हवे होते एवढेच राहून राहून वाटते.

मग वर्गात करायचे काय? मी फोंडा तालुक्यात हायस्कुलात मराठी शिकवते. तिथले एक काम सांगते. गणेशचतुर्थीची सुट्टी संपून मुले परत आली की मी त्यांना माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या लाकडी चौकटीवर, लिहायला सांगते. आधी कविता नाहीच. आधी फक्त यादी, माटोळीला काय काय बांधले त्याची. नियम एक, विशेषण वापरायचे नाही. 'सुंदर' आणि 'मनमोहक' या दोन शब्दांना वर्गात बंदी आहे हे आता पाचवीच्या मुलांनाही माहीत झाले आहे. यादी येते: कवंडळ, कांगणां, घागऱ्यो, आटकां, नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे. कोणाला नाव माहीत नसते, तो शेजाऱ्याला विचारतो, भांडण होते, घरी फोन करायची परवानगी मागतात. एवढ्यातच अर्धा तास जातो आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. मग अभंगाचे माप फळ्यावर लिहायचे, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. बोटांवर अक्षरे मोजत वर्ग कामाला लागतो. एकदा सगळ्यांनी मिळून हे जुळवले:

माटोळीला बांधू / कवंडळ लाल / सुपारीची माळ / हिरवी ती

लगेच एकाने हरकत घेतली, 'लाल' आणि 'माळ' हे यमक होत नाही, ल वेगळा आणि ळ वेगळा. दुसरा म्हणाला, कानाला चालते. मत घेतले, वर्ग दुभंगला, तसाच ठेवला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, तो 'ती' कशाला? नुसतो चार भरूंक घातला." खरेच होते. भरतीचा शब्द. तो काढायचा तर चार अक्षरांचे काहीतरी हवे. 'सुगंधित' सुचले, सुपारीच्या माळेला कसला सुगंध म्हणून वर्गानेच हाणून पाडले. शेवटी तिनेच सुचवले: 'बाबांहाती'. सुपारीची माळ, बाबांहाती. मोजले, चार. आणि त्या चार अक्षरांसरशी त्या ओळीत स्टुलावर उभा राहून माळ बांधणारा एक माणूस आला, जो आधी कोणाच्याच डोक्यात नव्हता. भावना व्यक्त कर म्हटले असते तर तो आला नसता. चार अक्षरांची जागा रिकामी होती, म्हणून शोधावा लागला.

छंदाने मुलांची मोकळीक मारली जाते, असे मुक्तछंदवादी मित्र म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोरोपंतांनी ओठ न जुळवता म्हणायचे रामायण रचले तेव्हा कसरत कुठे संपते आणि कविता कुठे सुरू होते हे सांगणे कठीण झाले होते. पंतकवींच्या हाती कसब इतके वाढले की कवितेला श्वास घ्यायला जागा उरली नाही, म्हणून तर पुढे बंड झाले. पण बंड करणाऱ्यांनाही वृत्त येत होते. काय मोडायचे हे त्यांना माहीत होते. आठवीच्या मुलाला आपण 'वृत्त मोड' म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ मोडायला असते काय? शिवाय गंमत पाहा, व्याकरणाच्या तासाला आपण त्याला भुजंगप्रयाताचे गण पाडायला लावतो, यमाताराजभानसलगं घोकून घेतो, मनाच्या श्लोकातले उदाहरण देतो. फक्त त्या चालीत स्वतःची एक ओळ बांध, असे चुकूनही म्हणत नाही.

इथे गोव्यातला एक खास गुंता आहे, आणि त्यावर पर्वरीत वा पणजीत कोणी बोलताना मी ऐकलेले नाही. आमचे मूल घरी कोकणी बोलते, चौथीपर्यंत मराठी शाळेत जाते, पाचवीपासून बहुतेक विषय इंग्रजीत शिकते आणि मराठी हा त्याच्यासाठी एक पेपर उरतो. त्याची कविता कोणत्या भाषेत यायची? पावसावर लिहिताना एका मुलाने 'पाऊस आला, आनंद झाला' असे नेहमीचे लिहून आणले. पाऊस आधी कुठे येतो, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "टीचर, पावस पयलीं दिसना, आयकूंक येता. माडांचेर." पाऊस आधी दिसत नाही, ऐकू येतो, माडांवर. हेच लिही म्हटले. त्याने लिहिले: 'आधी माडांवर आवाज, मग अंगणात पाऊस'. मोजले तर दोन्हीकडे नऊ-नऊ अक्षरे. त्याला पत्ताही नव्हता. ही ओळ मराठी आहे, पण ती कोकणीतून चालत आली आहे. 'पावस' लिहिला तर लाल पेनने खोडणारे आणि 'चुडत' (माडाची झावळी) हा शब्द मराठीत नाही म्हणणारे शिक्षक मला माहीत आहेत. बोरकर आणि शंकर रामाणी आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहीत राहिले, सोळाव्या शतकात केळशीच्या कृष्णदास शामाने इथे बसून मराठीत कृष्णकथा रचली, आणि आम्ही आठवीच्या वहीत भाषिक सीमा आखत बसलो आहोत! निबंधात शुद्धलेखन तपासा, जरूर तपासा. कवितेच्या पहिल्या खर्ड्यात मुलाचा घरचा शब्द राहू द्या. भाषावादाचे हिशेब मोठ्यांनी मोठ्यांत मिटवावेत.

'आधी वाचायला शिकवा, लिहिणे पुढचे' असे सांगणारे बरेच आहेत, आणि मुलांना एक परिच्छेद धड लिहिता येत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे. पण वाचणे आपण शिकवतो कसे? 'कवीला यातून काय सुचवायचे आहे?' जणू कवीने काहीतरी लपवून ठेवले आहे आणि ते शोधून दोन गुण मिळवायचे आहेत. सहा-सहा-सहा-चारच्या चौकटीत स्वतः तासभर धडपडलेले मूल तुकोबांची ओळ वाचते तेव्हा प्रथमच थबकते. एवढेसे शब्द, एवढी जागा, आणि यात हे कसे मावले? हा प्रश्न त्याला आतून पडतो. माझ्या अनुभवात रसग्रहणाची उत्तरे सुधारली ती लिहायला लावल्यावर. परिच्छेदाचेही तसेच. ज्याने 'ती' हा एक भरतीचा शब्द पकडला, तो निबंधातली भरताडही ओळखू लागतो. निदान दुसऱ्याच्या निबंधातली तरी!

मराठी कवितेने स्वतःच ही शिकवणी कधी कमी लेखली नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमले ते चहा पीत एकमेकांच्या कविता ऐकायला आणि सोलायला. त्यातल्याच माधव जूलियनांनी पुढे 'छंदोरचना' हा ग्रंथ लिहिला, आणि ते पेशाने प्राध्यापक होते. सुरेश भटांनी तर 'गझलेची बाराखडी' लिहून काफिया म्हणजे काय, रदीफ म्हणजे काय हे सरळ समजावले, नव्या पोरांच्या गझला तपासल्या, पत्रे लिहिली. त्या बाराखडीवर पोसलेली एक अख्खी पिढी आज गझल लिहिते आहे. तिच्यातले बरेच सुमार आहेत, हे कबूल. पण गझलेचे मुशायरे भरतात, ऐकणारा चुकलेली जमीन, म्हणजे वृत्त-यमकाची चौकट, पकडतो, चांगल्या शेराला जागच्या जागी दाद देतो. हा जाणता श्रोता बाराखडीनेच तयार केला. पणजीत कविसंमेलनाला कवींपेक्षा श्रोते कमी असतात. त्याचे कारण शोधायला फार लांब जायला नको.

दोन आक्षेप उरतात. एक, आता मोबाइलला सांगितले की तो पावसावर कविता करून देतो. देतो खरा, आणि ती हुबेहूब गाइडातल्यासारखी असते. आनंदी आनंद, चिंब धरणी, नाचरा मोर. बाकावर बसून, हाताने, शेजाऱ्याशी भांडत केलेल्या कामाला त्याचा धोका नाही. घरी करून आणायला सांगाल तर आहे, म्हणून घरी देऊ नका. दुसरा आक्षेप गंभीर आहे. मूल मोकळे झाले की वहीत घरातले येते. बापाचे पिणे येते, आईचे रडणे येते, आणि शिक्षकाजवळ त्याचे काय करायचे याची तयारी नसते. म्हणून मी मुलांना 'तुझे दुःख लिही' कधीच म्हणत नाही. वस्तू लिही म्हणते. मानशीची (शेतातल्या पाण्याच्या दाराची) फळी, आजीचा अडकित्ता, बसस्टॉपवरचा फाटका पोस्टर. ज्याला वस्तूतून काही सांगायचे आहे तो सांगतो आणि त्याच वस्तूच्या आड लपूही शकतो. वाचून दाखवण्याची सक्ती नाही, वार्षिक अंकात छापण्याचा आग्रह नाही.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. आम्हालाच येत नाही, मुलांना काय शिकवणार, असे सहकारी प्रामाणिकपणे सांगतात. पॅरिश शाळेतल्या मेस्त्र्यालाही सिंफनी लिहिता येत नव्हती. सूर चुकला की कळत होते, तेवढ्यावर त्याचे भागले. शिक्षकाला सहा अक्षरे मोजता यावीत, भरतीचा शब्द दिसावा, आणि विद्यार्थ्याची ओळ आपल्या ओळीपेक्षा चांगली निघाली तर ती मोठ्याने वाचता यावी. याला नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, नवी तासिका लागत नाही. पंधरवड्यातून मराठीचा एक तास पुरतो. लागते ते एवढेच की पुढच्या प्रशिक्षण वर्गात दुपारच्या जेवणानंतर आम्हा शिक्षकांना पडद्यावर उद्दिष्टे दाखवण्याऐवजी कोरे कागद वाटावेत, सहा-सहा-सहा-चार फळ्यावर लिहावे आणि दार लावून घ्यावे. प्रवासभत्ता मिळणारच आहे, तर चार ओळी घेतल्याशिवाय कोणाला सोडू नये.